शेगडीने साय धरली

"धरली," यंत्राचं बटण दाबणारा मोहिते म्हणाला. त्याच्या हातातला चहा कपातून बशीत आणि बशीतून मांडीवर सांडला, तरी तो जागचा हलला नाही.

शॉट केव्हाच संपला होता. आमचा शॉट म्हणजे पापणी लवायच्या आतला खेळ. आत काय झालं ते नंतर पडद्यावर रेघ उमटायला लागली की कळायचं. उष्णतेची ती रेघ एरवी चढायची आणि पायरी चुकल्यासारखी धाडकन खाली यायची. त्या दुपारी ती चढली, वर जाऊन जराशी थबकली आणि तिथेच मांडी ठोकून बसली. कंट्रोल रूममध्ये सगळे एकदम बोलायला लागले. कुणी कुणाच्या पाठीत धपाटे घालत होतं, कुणी फोन फिरवत होतं. मोहिते ओल्या पँटनेच नाचला. चहा गरम होता म्हणून नाचला, असं मी पुढे कितीतरी दिवस सांगत असे.

हसले नाहीत ते फक्त हेर्लेकर सर, आमचे प्रमुख. ते काचेपाशी गेले. काचेपलीकडे खालच्या हॉलमध्ये आमचं यंत्र होतं. काचेला हात टेकून ते पाठमोरेच उभे राहिले. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल. माणूस अशा वेळी पाठ फिरवतो.

ते यंत्र काय होतं, ते आधी सांगते. कोयनेच्या खोऱ्यात, विजेच्या अगदी उशाशी आमची संस्था होती. सूर्य ज्या विस्तवावर जळतो तो विस्तव जमिनीवर पेटवून दाखवायचा, एवढंच आमचं काम. त्यासाठी पोलादाचा एक भलामोठा पोकळ मेदूवडा होता, माणूस आत पोटावर सरपटत जाईल एवढा. त्यातली सगळी हवा काढून टाकायची, चिमूटभर वायू सोडायचा आणि तो इतका तापवायचा की त्याचं वायूपणही जातं, प्लाझ्मा होतो. सूर्याच्या पाठीपेक्षा कितीतरी गरम. ही माझी थाप नाही. माझ्या थापा वेगळ्या होत्या. कँटीनच्या आचाऱ्याला मी सांगितलं होतं की शॉट झाला की पाटणच्या बाजारात वांग्यांचं टोपलीतच भरीत होतं. त्याने आठवडाभर वांगी आणली नाहीत.

तर इतकं गरम काही ठेवणार कशात? भिंतीला लागलं की भिंत बिघडते आणि तेही निवतं. म्हणून त्याला चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायचं. धरता येत होतं हो, पण ऊब टिकत नव्हती. प्लाझ्मा आतल्या आत ढवळत असतो, त्यात भोवरे उठतात, आणि ते भोवरे आतली ऊब कडेला नेऊन सांडतात. आपण वरून ओतायचं आणि खालून गळायचं. दूध तापवून ठेवलं की त्यावर साय धरते आणि सायीखालचं दूध लवकर निवत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तशी साय आम्हाला प्लाझ्माच्या कडेला हवी होती, भोवरे जिथे गप्प होतील असा एक पातळसा थर. परदेशात ती धरली होती. आमच्या शेगडीने कधी धरली नव्हती. शेगडी हे आमचं आपसातलं नाव. कागदावरचं नाव इतकं लांब होतं की ते म्हणेपर्यंत शॉट होऊन जायचा.

आणि वेळ उरला नव्हता. कर्णिकबाईंची तपासणी समिती यायची होती. साय धरली तर शेगडी चालू, नाही तर तिचं तांबं-पोलाद भंगारात आणि आम्ही सगळे पाठवतील तिथे. हेर्लेकर सरांनी कडेला बसवायची नवी चुंबकी वेटोळी आखली होती. अर्धं आयुष्य त्यांनी त्या वेटोळ्यांत घातलं होतं. ती त्या आठवड्यात पहिल्यांदा चालू केली आणि साय धरली. मग ती कुणामुळे धरली हे विचारायचं कुणाला सुचणार?

मला सुचलं, कारण मी बसायचे स्पेक्ट्रोमीटरवर. प्रत्येक पदार्थ पेटला की आपल्या ठरलेल्या रंगाची रेघ टाकतो. त्या रेघा बघून आत कोण कोण आहे ते मी सांगायचे. लग्नाच्या पंगतीत न बोलावता कोण येऊन बसलाय ते ओळखणारी एखादी मावशी असते ना, तीच मी. त्या दुपारी सगळे नाचत होते आणि माझ्यासमोर जांभळ्या टोकाला दोन रेघा उभ्या होत्या, जोडीने. कॅल्शियम. आमच्या पंगतीत त्याला आमंत्रण नव्हतं.

आमच्याकडे आत काही शिरणं म्हणजे काय, ते शरयूबाईंशिवाय सांगता येणार नाही. शरयूबाई सरांच्या पत्नी, आणि निर्वाताचं सगळं काम त्यांच्याकडे. हवा काढायची, आतली भिंत चोख ठेवायची. बोटाचा एक ठसा आत राहिला तरी तो दिवसेंदिवस धूर सोडत राहतो, असं त्या म्हणायच्या. मी नवीन असताना टिकली लावून हॉलमध्ये गेले, तर मला दारातून परत पाठवलं. टिकलीचा गोंद. बांगड्या नाहीत, हातावर मेंदी नाही, सकाळी हळदीचं बोट लागलं असेल तर त्या दिवशी आत पाऊल नाही. खंडेनवमीला अख्खी संस्था यंत्रांची पूजा करायची. लेथला झेंडूची माळ, पंपाला गंध. शेगडीच्या वाटचं हळदकुंकू मात्र हॉलच्या बाहेरच्या चौकटीला. मोहिते दरवर्षी म्हणायचा, बाई, देवी कोपेल. बाई म्हणायच्या, "कोपू दे. आत यायचं असेल तर तिला म्हणावं हातमोजे घालून ये."

त्या थंडीत शरयूबाई गेल्या. पोटाचा कर्करोग होता, शेवटपर्यंत कामावर येत होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सर कामावर हजर. वेटोळी बसवायची म्हणून यंत्र उघडलं, बसवली, बंद केलं. आणि आता हे कॅल्शियम.

माझा पहिला संशय मोहित्यावर. तो तंबाखू खायचा, आणि तंबाखू म्हटलं की चुना आला. चुना म्हणजे कॅल्शियमच. दुसऱ्या दिवशी त्याला जिन्यात गाठलं.

"मोहिते, चुन्याची डबी कुठंय?"

"खिशात. का, पायजे?"

"शेगडी उघडी होती तेव्हा कुठं होती?"

तो काय ते समजला आणि त्याचं तोंड उतरलं. "रेडीजबाई, भैरोबाची आण. बाईंच्या हाताखाली राबलोय मी. तंबाखू खाऊन हॉलच्या उंबऱ्यात उभा राह्यलो नाय कधी." मग म्हणाला, "आन साय धरलीया तर धरू द्या की. पंगत उठायच्या आत मीठ कशापायी मोजताय?"

बरोबर होतं त्याचं. गप्प बसायचं होतं मी. पण पुढच्या शॉटला दोन्ही रेघा थोड्या फिक्या झाल्या, आणि साय थोडी पातळ झाली. त्याच्या पुढच्या शॉटला आणखी फिक्या, साय आणखी पातळ. वेटोळी तीच, त्यांतली वीज तेवढीच. बदलत होतं ते फक्त कॅल्शियम. जळून जळून कमी होत होतं आणि जाताना साय घेऊन जात होतं.

खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं नाही आणि शहाणी झाल्यासारखंही नाही. सगळी संस्था पेढे खात होती. सरांचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं होतं. आणि उत्तरेकडे एक मोठं यंत्र उभं राहत होतं, त्याच्या लोकांनी आमच्या वेटोळ्यांचे आराखडे मागवलेसुद्धा होते.

म्हणून मी बाकीच्या रेघा धुंडाळल्या. डोळ्याला न दिसणाऱ्या भागात, अगदी कोपऱ्यात, आणखी एक पाहुणा सापडला. फॉस्फरस. आता चुन्यात फॉस्फरस नसतो. कॅल्शियम आणि फॉस्फरस जोडीने कशात असतात? हाडांत.

मला हसूच आलं. म्हटलं, सापडला चोर. पाल. यंत्र उघडं असताना पाल आत गेली असणार आणि झाकण लागल्यावर तिथेच तिचा निकाल लागला असणार. मी मोहित्याला सांगून टाकलं. त्याने ते कँटीनमध्ये नेलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाल घोरपडीएवढी झाली होती. त्यात माझाही थोडा हात होता. मग तीच गोष्ट घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, गंभीर बातमी हसत हसत सांगितली की जरा कमी लागते.

"सर, आपली साय वेटोळ्यांनी नाही धरली. पालीने धरली," मी म्हणाले, आणि कॅल्शियम, फॉस्फरस, फिक्या होत जाणाऱ्या रेघा, सगळं त्यांच्यापुढे मांडलं.

ते काहीतरी लिहीत होते. पेन थांबलं, पण मान वर झाली नाही. कुणाला सांगितलंस, विचारलं. मी म्हटलं, मोहित्याला, म्हणजे सगळ्यांना. काय सांगितलंस? पाल म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "पालच राहू दे."

मी बाहेर पडले. जिना उतरायला लागले आणि मधेच माझे पाय थांबले.

यंत्र बंद करायच्या आधी सगळ्यांत शेवटी आत जाऊन दिवा फिरवून बघायचं, काही राहिलं नाही याची खात्री करून बाहेर यायचं, हा मान शरयूबाईंचा होता. या खेपेला सर गेले. आत खूप वेळ होते. आम्ही बाहेर मान खाली घालून उभे होतो, कारण आम्हाला वाटलं, आत बसून रडत असतील, रडू देत. बाहेर आले तेव्हा डोळे कोरडे होते. पांढऱ्या अंगरख्याची चेन मात्र गळ्यापासून पोटापर्यंत उघडी होती. बाईंनी तसं कुणाला आत जाऊ दिलं नसतं.

मी परत वर गेले. दार न वाजवताच आत शिरले.

"सर," मी म्हणाले. "शरयूबाई?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बस," म्हणाले.

मी बसले नाही.

"अस्थी सगळ्यांनी मिळून संगमावर नेल्या," ते म्हणाले. "तिचे भाऊ, माझी बहीण. मी एवढ्याशा मागे ठेवल्या, पुडीत. का ठेवल्या ते ठाऊक नव्हतं. मग ते झाकण लागायची वेळ आली आणि मला वाटलं की ही आयुष्यभर याच्या आत बाहेर करत राहिली, आणि आता आपण हे बंद करणार आणि ती बाहेर राहणार." खालच्या फरशीमागे एक फट होती, तिथे त्यांनी ती पुडी मोकळी केली होती. आतून सगळीकडे ग्राफाइटच्या फरशा बसवलेल्या असत. शॉटच्या झळीने त्यांच्यामागून राख उडाली आणि प्लाझ्माच्या कडेला लागली. सर्वांत आधी त्यांनाच कळलं होतं. रेघ चढली तेव्हाच.

"बाईंनीच सांगितलं होतं का तसं?" मी विचारलं.

"तिने?" सर पहिल्यांदाच हसल्यासारखे दिसले. "तिने मला हॉलमधून हाकलून दिलं असतं, कुमुद. जन्मभर पुन्हा आत घेतलं नसतं."

मग आम्ही दोघंही कामाचं बोलायला लागलो. विचित्र वाटेल, पण आमच्यासारख्या माणसांना तेवढंच येतं. मी म्हटलं, वेटोळी बंद ठेवून एक शॉट घ्या. तरी साय धरली तर ती कॅल्शियमची, नाही धरली तर दोघांची मिळून. सर म्हणाले, समिती येईपर्यंत शॉट घ्यायचेच नाहीत असं मी ठरवलंय. मी का विचारलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझ्याच रेघा सांगतायत ना. दर शॉटला ती कमी होते."

पण उत्तरेकडचं मोठं यंत्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी तेवढंच म्हटलं. म्हटलं, सर, ते लोक तुमची वेटोळी बसवणार, वर्षं घालवणार, आणि तिथे साय धरणार नाही. का नाही धरली ते त्यांना कधीच कळणार नाही, कारण त्यांच्याकडे शरयूबाई नाहीत.

त्यांनी समोरचे कागद गोळा केले.

"लग्न झाल्यापासून ती माझ्या वेटोळ्यांना नाक मुरडत होती," शेवटी म्हणाले. "म्हणायची, तुमचं सगळं लक्ष चुंबकात. भिंतीकडे बघा, कडेला काय येतं ते बघा, साय तिथून धरते." मग उठले. "चल. मोहित्याला बोलाव."

दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती, लोक सुपारी चघळत येत होते. सरांनी वेटोळी बंद ठेवायला सांगितली. मोहित्याने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने बटण दाबलं, खालून तो ओळखीचा दणका आला, आणि आम्ही पडद्याकडे बघत बसलो.

रेघ चढली. थबकली. बसली.

पहिल्यासारखी ऐसपैस नाही, पण बसली. आणि माझ्या समोर जांभळ्या टोकाला त्या दोघी उभ्या होत्या, फिक्या, पण उभ्या. सरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदाच मान डोलावली. कुणीतरी वादात हरवलं की डोलावतो तशी. अर्ध्या आयुष्याचं काम पापणी लवायच्या आत गेलं होतं, आणि ते कुणामुळे गेलं हे खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

समिती आली तेव्हा साय कशी धरली ते सरांनी स्वतः मांडलं. पहिल्या वाक्यातच सांगितलं की वेटोळ्यांचा संबंध नाही. समोरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कडेला थोडं कॅल्शियम आलं, ते तिथे चमकलं, त्याने कडेची ऊब उजेडात घालवली आणि आतले भोवरे त्यामुळे शांत झाले असावेत, असं ते म्हणाले. असावेत म्हणाले, आहेत म्हणाले नाहीत. माझ्या रेघा पडद्यावर दाखवल्या. कर्णिकबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरे केस कानामागे दाबून बसवलेले, समोर पाण्याचा पेला आणि त्यावर बशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"हे कॅल्शियम आलं कुठून?"

सरांनी तोंड उघडायच्या आत मी उठले. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं, पण मी सगळी तयारी करून आले होते. म्हटलं, बाई, पाल. आणि सुरू केली. यंत्र कसं उघडं होतं, पाल कशी पंपाच्या पाइपावरून आली, कुणीतरी तिला कसं हुसकलं आणि ती जावळीच्या मोऱ्यांसारखी तिथेच कशी दडून बसली. मोहित्याने मागून दुजोरा दिला. तो बिचारा ते खरंच धरून चालला होता. समितीतला एक जाडा गृहस्थ हसायला लागला, मग दुसरा. कर्णिकबाईंच्याही ओठाचा एक कोपरा हलला. मी म्हटलं, तरली होडी. शेगडी वाचली, शोध वाचला, सरही वाचले. शेपूट कुठे सापडली तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"कुमुद, खाली बस," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "पाल नव्हती."

आणि सांगितलं. जसं मला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच शब्दांत. पुडी, फरशी, फट. हसणाऱ्या माणसाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, त्याला ते आवरता येईना. मागे मोहिते मटकन खुर्चीत बसल्याचा आवाज आला. पंख्याचा वारा कागद उलटवत होता, आणि ते दाबून धरायचं कुणाला सुचत नव्हतं.

कर्णिकबाईंनी पेल्यावरची बशी काढली, दोन घोट पाणी प्यायल्या, बशी परत ठेवली.

"त्यांना चाललं असतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

"तुम्हाला ते ठाऊक होतं?"

"हो."

मग त्यांनी निकाल दिला, तिथल्या तिथे. सर त्या दिवसापासून प्रमुख राहिले नाहीत. आत काहीही सोडणाऱ्या माणसाच्या हाती यंत्र देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. शेगडीला मात्र मुदत दिली. यंत्र उघडा, आतून काही म्हणता काही राहणार नाही असं पुसून काढा. मग बरणीतलं कॅल्शियम आणा, तोलून आत सोडा आणि मला साय दाखवा. तोलून घातलेलं मी मानीन. बाकीचं मानता येत नाही. "वाईट वाटून घेऊ नका, हेर्लेकर," शेवटी म्हणाल्या. "पण मोजलेलं नाही ते मला दिसत नाही."

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. घरात सगळे म्हणतात, वांग्यांचं भरीत एक वेळ खरं वाटतं, पण हे नाही. न वाटू दे. बरणीतल्या कॅल्शियमने पुढे साय धरली, जरा पातळ पण धरली. शेगडी त्यानंतर कितीतरी वर्षं पेटली, आणि मोठ्या यंत्रवाल्यांनी वेटोळ्यांचे आराखडे परत पाठवले. ते सगळं छापलेलं आहे, कुणीही वाचावं. पुसण्याचं काही छापलेलं नाही.

ते काम माझ्याकडे आलं होतं. सर आता कुणीच नव्हते, नुसते कर्मचारी. सकाळी हॉलच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि मला विचारलं, मी येऊ का आत? ज्यांना आम्ही विचारायचो ते मला विचारत होते. मी हो म्हटलं. अंगरखा गळ्यापर्यंत लावून, डोक्याला टोपी बांधून, हातमोजे चढवून आम्ही दोघं पोटावर सरपटत आत गेलो. मी पुढे दिवा धरून, ते मागून स्पिरिटची बाटली आणि कापडं घेऊन. आत बोललेलं गोल फिरून परत आपल्याच कानाशी येतं, म्हणून आम्ही बोलत नव्हतो.

मी पेचकसाने ती फरशी सैल केली आणि उचलली. मागे भिंतीवर करडा पट्टा होता, बोटभर रुंद, एका बाजूला ओढल्यासारखा. राखेची नुसती सावली. मी दिवा जवळ धरला. सरांनी हात पुढे केला आणि भिंतीपासून चारएक बोटं अलीकडे थांबवला. मला वाटलं, आता मोजा काढतील. काढला असता तर मी काय केलं असतं, देवाला ठाऊक. मी दिव्याकडे बघत राहिले, त्यांच्या हाताकडे बघितलं नाही.

"कापड दे," ते म्हणाले.

मी दिलं. त्यांनी ते स्पिरिटमध्ये भिजवलं आणि वरून खाली एकदाच, सावकाश ओढलं. कापड करडं झालं. ते त्यांनी घडी घालून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं, बाकीच्या चिंध्यांसारखंच.

"दुसरं."

मी दुसरं दिलं. मग तिसरं. पट्टा फिका होत गेला. स्पिरिटच्या वासाने डोळे चुरचुरत होते, की दुसऱ्या कशाने, कोण जाणे. बाहेरून मोहित्याने हाक मारून विचारलं, झालं का, जेवण निवतंय. पट्टा गेला. नुसतं पोलाद चकाकायला लागलं. पुढचं कापड पुसून उचललं तर ते जसं होतं तसंच पांढरं. सरांनी ते उलटून पाहिलं, पालटून पाहिलं, दिव्यापाशी धरलं. त्यावर काही नव्हतं.

"झालं, सर," मी म्हणाले.

"आणखी एक दे," ते म्हणाले.

मी दिलं. जिथे काही उरलं नव्हतं तिथे ते पुसत राहिले, आणि ते मागतील तशी मी कापडं देत राहिले.